ओढ्याची वाट

"वाट चुकली तर ओढ्याच्या कडेकडेने खाली उतरायचं. खाली गाव लागतंच!" गडाच्या पायथ्याशी सूचना चालू असताना एक मुलगी ठसक्यात म्हणाली आणि तिने सॅकमधून जुनं पुस्तक काढून दाखवलं.

सूचना देणाऱ्या भास्करकाकांनी हातातला दोर खाली ठेवला आणि ते हातात घेतलं. पुस्तक त्यांचंच होतं, ऐन तिशीत परदेशी पुस्तकं वाचून लिहिलेलं. मिळेल ती प्रत परत घेऊन त्यांनी बंबात घातली होती. ही एक कशी कोण जाणे उरली होती.

"ते चूक आहे, बाळ. आपल्या सह्याद्रीत ओढा गावात नेत नाही, कड्यावर नेऊन सोडतो. वाट चुकलात की जागचं हलायचं नाही. शिट्टी वाजवत राहायचं. आम्ही येतो."

"पण काका, छापलंय की! आजवर कुणी तसं केलं नाही का?"

"केलं. एकाने. अगदी छापलंय तस्संच."

काकांनी पेन काढून ती ओळ खोडली. मग पहिलं पान उघडलं. तिथली ओळ मात्र त्यांच्याने खोडवेना.

'चि. निषादला, जो बापाचा शब्द कधी मोडत नाही.'