चिकटपट्टीखाली
नात धक्क्यावर उड्या मारत होती. आज आजोबा तिला पहिल्यांदाच शिडाच्या होडीतून नेणार होते. आजीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांच्या जोडांवर आजोबा दरवर्षी चिकटपट्टी गुंडाळत, टोचून शीड फाटू नये म्हणून, तीही जुनीवरच नवी. “एकदा उघडून आतलं बघा की,” आजी म्हणाली. “इतकी वर्षं मीच गुंडाळतोय. बुडालीस का कधी?” “तेव्हा आपण दोघंच जायचो.” बोलता बोलता तिने नखाने पट्टीचं टोक उचकटलं. पट्टीखालून तपकिरी पाणी ओघळलं आणि तार धरून ठेवणारी पिन बोट लावताच मोडून तिच्या तळहातावर आली. “निघायचं ना?” नातीने विचारलं. त्यांनी वाकून तिच्या लाइफ जॅकेटचे बंद सोडायला घेतले. एकही सुटेना. “तूच सोड गं,” ते बायकोला म्हणाले, “मी बाकीच्या पट्ट्या उघडतो.”