तिसरं बेअरिंग

"हे तिसरं बेअरिंग आहे, रंगराव. आता आवाज आला तर माझ्याइतका वाईट कोणी नाही," अण्णासाहेब गाडीखाली वाकून म्हणाले.

गाडीखालून रंगरावचे फक्त पाय दिसत होते. "दोन बोल्ट राहिलेत. बसा निवांत."

अण्णासाहेब कसले बसतायत! महिनाभर त्या घरघरीनं त्यांचं डोकं उठवलं होतं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट मधोमध ज्या बेअरिंगवर तोललेला असतो, ते झिजलं होतं हे खरं. पहिल्यांदा काढलं तेव्हा त्याचं रबर फाटून लोंबत होतं. नवं बसवलं, सीटखालचे दणके थांबले, पण घरघर काही जाईना. रंगरावनं दुसरं बसवलं. तरी तेच.

आणि अण्णासाहेब म्हणजे बत्तीस वर्षं कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काढलेला माणूस. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा. साहेब लोक घरी गाडी पाठवून बोलावून न्यायचे. रंगराव तेव्हा त्यांचा हेल्पर होता. पुढे त्यानं मोशीत हे गॅरेज टाकलं, तेव्हापासून अण्णासाहेबांनी दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी दिली नव्हती.

नेमका आताच हा घोळ व्हावा! त्यांचा मुलगा बुद्धभूषण चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं बघायचा. तिथल्या बारा गाड्यांचं काम रंगरावला द्यायचं घाटत होतं. "अण्णा, तुम्ही हो म्हणा, आजच साहेबांना नाव देतो," असं तो सकाळीच म्हणाला होता. रंगरावचं गॅरेज त्या कामावरच तरणार होतं. चार महिन्यांत त्याचे दोन्ही मेकॅनिक सोडून गेले होते.

"शाफ्टच्या खुणा जुळवल्यास ना?"

"जुळवल्या की. तुमीच शिकवलंय." रंगराव हात पुसत बाहेर आला. "आन् बेअरिंग ओरिजिनल हाय. डबा तुमच्यासमोरच फोडला."

दोघं चक्कर मारायला निघाले. गुरुवार होता, एमआयडीसीची सुट्टी, रस्ता मोकळा. काटा साठवर गेला आणि अण्णासाहेबांनी दात आवळले.

"ऐक."

रंगरावनं काच वर केली, मान कलती केली. "मला तर काय बी ऐकू येत न्हाई."

"तुला पहिल्यापासून कान नाही!"

"गाडी लोण्यावानी चाललीय, अण्णासाहेब."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

रंगरावनं काच खाली केली. गॅरेजपाशी उतरताना एवढंच म्हणाला, "उद्या घेऊन या. पुन्यांदा खोलतो."

अण्णासाहेब एकटेच पुढे निघाले. घरी जावंसं वाटेना. तिथं तरी कुठली शांतता? घरामागच्या शेडमधला कंप्रेसर दिवसभर कानाशी. आज सुट्टी असूनही सकाळपासून लावून ठेवलेला. बायकोला, प्रभावतीबाईंना, त्याचं काहीच वाटायचं नाही, याचाही त्यांना राग यायचा.

इंद्रायणीकाठच्या एका मोकळ्या प्लॉटपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच मुलाला फोन लावला.

"भूषण, रंगरावचं नाव देऊ नकोस."

"का? काय झालं?"

"त्याचं कामात लक्ष राहिलं नाही. एक गाडी तीनदा खोलून होत नाही त्याला, तुमच्या बारा काय करणार?"

"नक्की ना, अण्णा? साहेब आज सुट्टी असूनही आलेत, समोरच बसलेत. एकदा दुसऱ्याचं नाव दिलं की मग बदलता येणार नाही."

"माझ्या कानावर विश्वास आहे ना तुझा?"

"त्याच्यावरच तर चाललोय." पलीकडे थोडी कुजबुज झाली. "दिलं दुसऱ्याचं."

फोन खाली ठेवला तरी रंगरावचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. अण्णासाहेबांना फार वाईट वाटलं. पण कामात चूक ती चूक, तिथं जुनी ओळख बघून कसं चालेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. चार पावलं चालावं म्हणून किल्ली फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नदीकडच्या सगळ्या शेडना कुलपं होती.

घरघर चालूच होती.