नऊ चाळीस

तिने पुन्हा बटण दाबलं. पंखा घरघरला, एक लांब शिट्टी वाजली आणि काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ उमटली: तारीख आणि वेळ ठरवलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

तिने दाबलं. जुना कॉम्प्युटर कण्हत चालू झाला, पण कोपऱ्यातली तारीख अठरा वर्षांपूर्वीची. मेल काही उघडेना. बाळंतपणानंतर मिळालेलं पहिलं काम, चाळीस पानांचं भाषांतर, याच डब्यात अडकलं होतं आणि बारापर्यंत पाठवायचं होतं. तरी तिचं निम्मं लक्ष पाठीमागे होतं.

पाठीमागे सासूबाईंच्या मांडीवर ठकी होती. सोळा महिन्यांची. फ्रॉकचा गळा लाळेने चिंब भिजलेला. वाटीतलं दूध पुढे आलं की ती मान फिरवायची.

"दात येताहेत गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने तर अख्खी गादी भिजवली होती."

"पाणीसुद्धा घेत नाहीये, आई."

"घेईल. तू तुझं काम उरक. दर मिनिटाला वळून बघतेस, ती काय पळून जाणार आहे?"

तिने कीबोर्डखालची वही ओढली. ठकी जन्मल्यापासून ती सगळं टिपून ठेवायची. दूध, झोप, शी, ताप, सगळं वेळेसकट. नवरा तिला स्टेशनमास्तर म्हणायचा. "सात-वीसची शी आज दहा मिनिटं लेट धावतेय," असं पाहुण्यांसमोरसुद्धा. सगळे हसायचे. तीही हसायची आणि लिहायची. आजच्या पानावर होतं: ९.१०, अर्धं केळं. ९.४०, जोराचा ठसका, डोळ्यांत पाणी, पाठ थोपटल्यावर थांबला. १०.०५, दूध नको. आता तिने खाली लिहिलं: १०.३०, लाळ फार, पाणीही नको.

"ठसक्याचं काय घेऊन बसलीस? केळं अडकलं होतं, गेलं खाली," सासूबाई म्हणाल्या.

तिने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"घाबरू नका ताई, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "म्हातारं झालंय, विसरतंय, एवढंच. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायला आत एक सेल असतो, तो गेला असेल. प्लग काढा आणि बाजूचा पत्रा उघडा. नाण्याएवढा गोल, चकचकीत. दिसला?"

पत्र्याचे स्क्रू आधीच सैल होते. आत सगळीकडे बोटभर धूळ, फक्त एक गोल खोबण स्वच्छ. आणि रिकामी.

"इथे सेलच नाहीये हो."

"असा कसा नाही? पाय फुटले की काय त्याला? कोणीतरी काढला असेल."

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला.

"अरे, कॉम्प्युटरमधला सेल तू काढलास?"

"हो, सकाळी. रोज तारीख विसरत होता ना. दुकानात नमुना दाखवला की तसाच मिळतो. विसरू नये म्हणून दारासमोरच्या टेबलावर काढून ठेवला."

"नेलास?"

पलीकडे खिसे चाचपल्याचा आवाज आला.

"राहिला वाटतं. का गं?"

दारासमोरचं टेबल बसकं होतं, ठकीच्या हनुवटीला लागेल एवढं. त्यावर वर्तमानपत्र होतं, सासूबाईंचा चष्मा होता, केळ्याची साल होती. ती गुडघ्यांवर बसली, खाली हात फिरवला. मग उठली आणि ठकीला उचलून दाराकडे धावली.

"अगं, खात्री तरी करून घे!" सासूबाई मागून चपला शोधत म्हणाल्या.

"नसेल तर हसा मला. सगळ्यांनी मिळून हसा. पण आत्ता चला."

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. ठकीच्या छातीच्या वरच्या भागात एक पांढरा गोल.

"नाणं असावं," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही. कडेला दुहेरी रेघ दिसते का? सेलच आहे, अन्ननलिकेत अडकलाय. असा सेल आतून भाजत जातो. पहिल्या दोन तासांत निघाला तर बरं, नंतर प्रत्येक मिनिट महाग." डॉक्टर वळले. "कधी गिळला? अंदाज नको, नक्की सांगा."

नवरा नुकताच धापा टाकत पोचला होता. "मी नऊला निघालो... नाही, सव्वानऊ झाले असतील. तेव्हा टेबलावर होता. म्हणजे, असावा."

"मी भाजी निवडत होते," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, केळंच."

ठकीच्या घशातून घरघर येत होती. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"अगं," तो म्हणाला, "तुझी वही."

ती घरून पाकीट विसरून आली होती, चपलाही. वही हातात होती, आणि पान उघडलेलं.

"नऊ चाळीस," ती म्हणाली.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

"द्या तिला इकडे," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."