मी बघतेय ना!

साथ आली, घराबाहेर पडणं बंद झालं आणि लेकीनं फर्मान काढलं, "आई, रोज सकाळी सातला टॅबवर दोघींनी मिळून व्यायाम करायचा. हे बटण दाबलंस की मी समोर दिसेन."

बत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली मी, आणि आता ही मला हात वर करायला शिकवणार! पण म्हटलं, तेवढंच पोरीचं तोंड दिसेल.

"तुझा आवाज बंद ठेवलाय हं, नाहीतर गप्पाच मारत बसशील," तिनं बजावलं. "पण मी बघतेय ना!"

म्हणून मी रोज केस विंचरून, धुतलेले कपडे घालून टॅबसमोर हजर. गुडघे मोकळे झाले, झोप लागायला लागली. शेजारणीला मी फुशारकीनं सांगायचे, "कामाच्या रगाड्यातून लेक अर्धा तास काढते हो माझ्यासाठी!" लेकीच्या अंगातला रोज तोच तो पिवळा टी-शर्ट बघून मात्र हसू यायचं. कपडे धुवायचा कंटाळा लहानपणापासूनचाच.

आज एका पायावर उभी राहिले आणि तोल गेला. धाडकन आपटले. घोटा मुरगळला, उठता येईना. जमिनीवरूनच टॅबकडे बघून हात हलवला. म्हटलं, बघतेय ती, आता घाबरून शेजारणीला फोन करेल.

पडद्यावर ती रोजच्यासारखी गोड हसली.


"शाब्बास आई, अगदी बरोबर! आता दुसरा पाय."