गेरूची खूण

“एकच डाव टाका, बाबा. फक्त एक.” भावनाने जाळं बापाच्या हातात दिलं.

डोमाजीने जाळं घेतलं, पण तो काठावरून हलला नाही. समोर पूर्णा नदीचा डोह होता. मे महिन्याच्या उन्हात बाकीची नदी वाळूत जिरली होती. पाणी राहिलं होतं ते इथंच. डोहाच्या वरच्या अंगाला एक काळा खडक, खालच्या अंगाला एक. दोन्हींवर गेरूचा तांबडा पट्टा. या पट्ट्यापासून त्या पट्ट्यापर्यंत जाळं पडत नाही, ही भोयांच्या बावीस घरांची रीत. पावसाळ्यात नदी भरली की इथले मासे खाली उतरतात आणि त्यांच्यावर बावीस चुली चालतात. दर पुरात गेरू धुपून जातो. पूर ओसरला की डोमाजी तो पुन्हा लावतो. त्याच्या आधी त्याचा बाप लावायचा.

मागे बाभळीच्या सावलीत पाच पाहुणे बसले होते. कोकण किनाऱ्यावरचे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके. भावना तिकडेच एका संस्थेत नोकरीला होती. तिथं किनाऱ्यालगत एक खडप आहे. भरतीत बुडतं, ओहोटीत उघडं पडतं. मासे तिथं अंडी घालायला येतात. मासेमारांनी ती जागा आपणहून सोडावी म्हणून भावना तीन वर्षं खपत होती. संस्थेने हद्द कळावी म्हणून पाण्यावर तरंगती पिंपं सोडली. पहिल्याच वादळात ती वाहून गेली आणि जाळी पुन्हा आत पडू लागली. शेवटच्या बैठकीत सगळ्यांत म्हातारा दाजी तांडेल उठला. जागा सोडली की मासे वाढतात हे कोणी पाहिलंय, असं त्याने विचारलं. भावना बोलून गेली, “माझ्या बापानं.”

त्या एका शब्दावर पाच जण अकोल्याला गाडीतून उतरले होते. जठारपेठेतल्या मावशीकडे न्याहारी करून, जीपने धूळ खात इथवर आले होते. परत गेल्यावर ते जे सांगतील ते सगळा किनारा ऐकणार होता.

आल्याआल्या दाजीने विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. “ह्या तर आमच्या दर्याचाच पाणी!”

“खारपाणपट्टा हाये भाऊ,” डोमाजी म्हणाला होता. “समुद्र तुमच्याकडं राह्यला, मीठ तेवढं आमच्या वाट्याले आलं.”

तेव्हा सगळे हसले होते. आता कोणी हसत नव्हतं.

“आमका मासो दाखव,” दाजी म्हणाला. “गजाली खूप झाल्यो.”

डोमाजी जाळं खांद्यावर घेऊन वरच्या खडकापर्यंत गेला. तिथं त्याचे पाय थांबले. जाळ्यात मरळ आली, वाम आली, तर पोरीचं काम होईल. पण काहीच आलं नाही तर? यंदा पाणी कमरेएवढंच होतं. खरं सांगायचं तर डोहातले मासे त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते. दिवस मावळताना पाण्यावर गोल गोल वलयं उठतात, तेवढीच त्याची ओळख.

त्याने जाळं खाली ठेवलं.

“नाही टाकत.”

“बाबा!”

“मासोच नाय, म्हणान?” दाजीने विचारलं.

“हायेत का नाही, किती हायेत, मले माईत नाही,” डोमाजी म्हणाला. “पाहाले गेलो असतो, तर राह्यले नसते.”

मैनाबाई ताकाचे पेले घेऊन येत होती. नवऱ्याचं बोलणं ऐकून तिला राहवलं नाही. “हिच्या लग्नात तरी कुठी टाकलं होतं यायनं! भोयाच्या घरचं लग्न, अन् जावयाच्या ताटात अकोल्याच्या बाजारातून इकत आणलेले मासे! सोयरे आजून हासतेत आमाले.”

दाजीचा पेला ओठांशी थांबला. “चेडवाच्या लग्नाक सुदा नाय?”

“नाही,” डोमाजी म्हणाला.

“मंग आता तरी माह्यासाठी टाका,” भावना म्हणाली. डोमाजीने जाळं उचललं नाही. “माही तीन वर्सं पाण्यात गेली, बाबा,” असं म्हणून ती तरातरा जीपकडे चालू लागली. पाहुण्यांनी ताक संपवलं, हात जोडले आणि तेही निघाले.

डोमाजी जाळ्याची घडी घालू लागला. डोह राखला आणि पोरीचा शब्द घालवला, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

जीप सुरू झाली. थोडी पुढे गेली आणि थांबली. दाजी खाली उतरला. तो डोमाजीकडे आला नाही, सरळ वरच्या खडकाकडे गेला. त्याने तांबड्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं.

“माका थोडो गेरू दी.”

डोमाजी घरी जाऊन गेरूचा एक खडा घेऊन आला. दाजीने तो रुमालात ठेवला.

भावनाही जीपमधून उतरून आली होती. “काका, याचं काय करणार?”

“आमच्या खडपाक लावतलंव.”

“पण ते तर भरतीत बुडतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी धुवून जाईल.”

दाजीने रुमालाची गाठ दातांनी आवळली.

“धुवान गेलो तर परत लावतलंव.”