यशवंतरावांचा बाक

राजेसाहेबांच्या त्या शंभर वर्षांच्या बागेत निवांत बसणं आता कोणाच्या नशिबी नव्हतं. स्मरणार्थ दिलेल्या प्रत्येक बाकातून ज्याचा तो दिवंगत बोलत असे. रणसुभेकाकू दमून टेकल्या, तोच यशवंतरावांचा बाक म्हणाला, “आज उशीर केलास. चहात परत साखर घेतलीस ना?”

“अहो, चाळीस वर्षं तुमचं ऐकलं, दोन वर्षं बाकाचं ऐकतेय. आता पुरे.” काकूंनी माळ्याला हाक मारली. “येसाजी, बंद करा यांना.”

“काकू, एकदा बंद केला की आवाज कायमचा जातो. मुलाला तरी विचारा.”

“बाक देऊन तो बसलाय पुण्यात. इथे रोज मी बसते.”

येसाजीने नाइलाजाने खटका ओढला. “अगं, पण...” एवढंच म्हणून यशवंतराव थांबले. बागेत कारंजंही आहे, हे काकूंना दोन वर्षांनी ऐकू आलं.

थोड्या वेळाने शेजारच्या बाकातले कैलासवासी पाठक मास्तर खाकरले. “वहिनी, आज आमचे यशवंतराव गप्पसे?”

“ते वारले, मास्तर,” काकू म्हणाल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.