आठ मिनिटांचा शेक

सकाळपासून सरूबाईचं डोकं फिरलं होतं. नात सातव्या महिन्यातच जन्मली, कच्च्या फुप्फुसांनी धापा टाकत होती, आणि मोरवा गावातली निम्मी बाळं ओव्याच्या पुरचुंडीनं शेकणाऱ्या आजीला नर्सिंग होमच्या काचेबाहेर बसवलेलं! "बाळाला हात लावू नका," सिस्टर तिसऱ्यांदा डाफरली. "हात न्हाय लावायचा, मंग काय डोळ्यांनी शेकू?" तेवढ्यात मुलगा रोहित फुप्फुसं उघडणारं औषध घेऊन ठाण्याहून पोचला. वरसाव्याच्या पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बर्फाची पिशवी धरून त्याची बोटं बधिर झालेली. सिस्टरनं दुधाळ औषधाची कुपी काढली. "इतकं गार देता येत नाही. कोणीतरी आठ मिनिटं मुठीत धरून ऊब द्या, माझे हात आत हवेत." सरूबाईनं कुपी झटकन मुठीत घेतली. पाचव्याच मिनिटाला सिस्टरनं हात पुढे केला. सरूबाई खेकसली, "हात लावू नको. अजून गार हाय."